जुनी मोठी गाडी: एक हिशेब आणि एक माफी

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर पंधरा-वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत, मी सेकंडहँड गाडीवर बोलते. फोनवर जरा वेळ शांतता होती. मग समितीतली आपली मैत्रीण म्हणाली, "बरं, पण जेवणाआधी संपव."

तर जेवणाआधी संपवते.

हा विषय निवडायचं कारण आपला व्हॉट्सॲप ग्रुप. गेल्या वर्षभरात त्या ग्रुपवर चार जणांनी चार मोठ्या गाड्यांचे फोटो टाकले. आठ-दहा वर्षं जुन्या परदेशी एसयूव्ही. नव्या असताना साठ-सत्तर लाखांच्या, आता पंधरा-अठरा लाखांत मिळणाऱ्या. खाली प्रश्न एकच: "घ्यावी का?" आणि उत्तरं काय, तर अंगठे, फुलं आणि "पार्टी कधी?" एकानंही आकडा लिहिला नाही. मीही लिहिला नाही. माझ्याकडे तर अशाच गाडीचा तीन वर्षांचा पैसा न् पैसा एक्सेलमध्ये मांडलेला होता. लाज वाटली म्हणून गप्प बसले. आज ती लाज घरी ठेवून आले आहे.

गाडीच्या कंपनीचं नाव मात्र सांगणार नाही. मी जे सांगणार आहे ते या वर्गातल्या बहुतेक सगळ्याच गाड्यांना थोड्याफार फरकानं लागू आहे.

आपल्या शहराला मोठ्या गाडीचं वेड नवीन नाही. आपण शाळेत होतो तेव्हा औरंगाबादची ओळख दुचाकी आणि रिक्षा अशी होती. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील वाळूज नाहीतर चिकलठाण्याला शिफ्टला जायचे. मग २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला. २००७ पासून तिथे ऑडीच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींचा सौदा. स्टेट बँकेनं ७ टक्के दरानं कर्ज दिलं. देशभर बातम्या झाल्या. डिसेंबरमध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये लेख लिहून विचारलं, की मर्सिडीजला हा दर आणि याच भागातल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला त्याहून इतका चढा दर कसा? दोन्ही गोष्टी आपल्याच जिल्ह्यातल्या होत्या.

तेव्हा नोंदणी झालेल्या गाड्यांची पंधरा वर्षं आता २०२५ मध्ये पूर्ण झाली. अशा गाडीचा पहिला मालक साधारण चार-पाच वर्षांत ती बदलतो. दुसरा मालक तीन-चार वर्षं चालवतो. तिसरा मालक म्हणजे आपण. पगारदार, दोन हप्ते चालू, मुलगी बारावीला.

आता माझी गोष्ट. माझ्या बाबांनी वाळूजच्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं काढली. त्यांची चेतक तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. सकाळी आडवी केल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही. त्या १५० गाड्यांची बातमी त्यांनी पेपरमधून कापून ठेवली होती. हेवा नव्हता हं त्यात. कारखान्यात काम केलेल्या माणसाला चांगल्या यंत्राचं जे कौतुक असतं, ते होतं. २०२१ मध्ये मी पुण्याहून घरून काम करायची परवानगी घेऊन इथे परत आले, तेव्हा बाबांचे गुडघे संपले होते. छोट्या गाडीत बसायला खाली वाकावं लागायचं, त्यांना ते जमेना. आणि मी एका एसयूव्हीचा व्हिडिओ पाहिला, तिच्यात बटण दाबलं की गाडी आपणहून खाली बसते, माणूस आत बसला की पुन्हा वर उठते. मी ठरवलं, बाबांसाठी हीच.

खरं सांगायचं तर सगळंच बाबांसाठी नव्हतं. गारखेड्याच्या आमच्या गल्लीत ती गाडी उभी राहिलेली मला बघायची होती.

गाडी दिल्लीची, २०१३ ची, डिझेल. मागणी १७ लाख. दिल्लीच्या गाड्या तेव्हा स्वस्त का असायच्या, त्याचं कारण आधी सांगते. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. त्यामुळे आठ-नऊ वर्षांची चांगली दिसणारी गाडी तिथला मालक मिळेल त्या भावाला काढायचा आणि ती एनओसी घेऊन आपल्याकडे यायची. यात बेकायदा काही नव्हतं. पण भाव कमी असतो तो गाडी उत्तम म्हणून नाही, तर मालकाला घाई आहे म्हणून, हे मी विसरले.

पैसे भरायच्या आधी मी आपल्या वर्गातल्या एका मित्राला फोन केला. त्याचं नाव घेणार नाही. त्यानंच बजावलंय, "नाव घेतलंस तर उद्यापासून सगळे फुकट सल्ले मागतील." दहावीनंतर तो आयटीआयला गेला आणि गेली पंचवीस वर्षं गॅरेज चालवतो. त्यानं मला दोन वाक्यांत सांगितलं, "अगं, गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. सतरा लाखांत तू सत्तर लाखांच्या गाडीचा खर्च विकत घेतेयस."

मी त्याला काय म्हणाले, ते शेवटी सांगते.

गाडी आली. बाबा तिच्यात बसले, बटण दाबून घेतलं, तीनदा वर-खाली करून पाहिलं. पहिले चार महिने खूप छान गेले. मग एकेक सुरू झालं. आता ते क्रमानं सांगते, कारण ग्रुपवरच्या चारही गाड्यांत यातलं काही ना काही निघणारच.

पहिलं, एअर सस्पेन्शन. गाडी वर-खाली होते ती हवेवर. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात आणि एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. रबर म्हटलं की वय आलंच. आठ-दहा वर्षांत त्याला बारीक भेगा पडतात, आणि आपल्याकडचा मे महिना त्यात भर घालतो. हवा हळूहळू गळते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. मग एक दिवस तोही जळतो. म्हणजे फुग्याचं दुखणं वेळेवर बघितलं नाही, तर कॉम्प्रेसरचंही बिल येतं. ओळखायचं कसं? गाडी रात्रभर सपाट जागी उभी करा. सकाळी चारही चाकांवरची फट बोटांनी मोजा. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर फुगा गळतोय. आपल्या विज्ञानाच्या बाईंनी सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे दाखवले होते, आठवतं? माझ्या गाडीची गळतीही त्या मित्रानं तशीच शोधली, साबणाचं पाणी लावून. समोरचे दोन आणि कॉम्प्रेसर मिळून बिल ३ लाख ४० हजार.

पण बिलापेक्षा ती सकाळ लक्षात राहिली. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. सहा वाजता हॉस्पिटलला पोचायचं होतं. खाली आले तर वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, गाडी तो बैठ गई." गाडीचं नाक जमिनीला टेकायला आलेलं, स्क्रीनवर लाल अक्षरांत "गाडी चालवू नका". ज्या माणसासाठी गाडी घेतली, त्याला आम्ही रिक्षात घालून नेलं. वाटेत बाबा म्हणाले, "ही बरी आहे गं. चढायला सोपी." मला चेष्टा करावी म्हणून नव्हते म्हणाले. त्यांना खरंच सोपी वाटली होती.

दुसरं, डिझेलचा काजळीचा फिल्टर, ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात. धुरातली काजळी तो अडवतो. भरला की ती काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. ते होतं हायवेवर, एका लयीत वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालली तर. माझी गाडी काय करत होती? गारखेड्याहून सिडकोला मुलीचा क्लास. जायला चार किलोमीटर, यायला चार, मध्ये सिग्नल. फिल्टर तापायच्या आत घर यायचं. अर्धवट साफसफाई झाली की जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि इंजिनची झीज वाढते. तेव्हा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. शेवटी मित्रानं औषध सांगितलं, "दर पंधरा दिवसांनी समृद्धीवर जाऊन ये." सावंगीहून चढायचं, तासभर फिरून परत यायचं. पाचशे-सातशेचं डिझेल आणि टोल, काम काही नाही. गाडीच्या तब्येतीसाठी मी फिरायला जात होते! ज्यांचा वापर शहरातल्या शहरात आहे त्यांनी मोठी डिझेल गाडी घेऊच नये, जुनी नाही आणि नवीही नाही.

तिसरं, टायमिंग चेन. बेल्टऐवजी चेन आहे म्हणजे आयुष्यभराची काळजी मिटली, असं विकणारा सांगतो. चेन सहसा तुटत नाही, पण ताणते. तिला दाब देणारा टेन्शनर आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजतात. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खळखळ आवाज आला तर कान टवकारा. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघू नका. "मी येईपर्यंत चालू करू नका" असं सांगा, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. काही मोठ्या जर्मन इंजिनांत ही चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. म्हणजे काही हजारांची चेन बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढायचं. माझं बिल ३ लाख ८० हजार, त्यातली मोठी रक्कम मजुरीची.

चौथं, गिअरबॉक्सचं ऑइल. अनेक कंपन्या म्हणतात, हे ऑइल आयुष्यभर बदलायला नको. कुणाचं आयुष्य, ते सांगत नाहीत. यांतल्या पुष्कळ गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते, की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला. मी बदललं. तो एक खर्च मला कधी खुपला नाही, कारण गिअरबॉक्स शेवटपर्यंत लोण्यासारखा चालला.

पाचवं मात्र माझ्या धंद्याचं आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

२०२२ च्या पावसाळ्यात एका सकाळी स्क्रीनवर एकामागून एक सतरा बिघाड आले. ब्रेक, एअरबॅग, पार्किंग सेन्सर, दिव्यांची चूक, सगळं एकदम. मी घाबरले. मित्रानं स्कॅनर लावला, यादी पाहिली आणि म्हणाला, "एकही खरा नाही." मग त्यानं पायाखालचा गालिचा उचलला. खाली पाणी. छताला सनरूफ असतं, त्याच्या कडेला पन्हळी असतात, पावसाचं पाणी बारीक नळ्यांतून खाली जातं. आमची गाडी कडुलिंबाखाली उभी. पानांचा चुरा नळीत अडकला, पाणी आतल्या बाजूनं उतरून सीटखाली साचलं, आणि तिथेच गाडीच्या एका कंट्रोल युनिटची पेटी होती.

आजच्या मोठ्या गाडीत असे पन्नास-साठ छोटे संगणक असतात. बॉश कंपनीनं १९८६ मध्ये आणलेल्या कॅन नावाच्या पद्धतीनं ते दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. एक पेटी ओली झाली, बरळू लागली की बाकीचे सगळे तक्रार करतात, "मला उत्तर मिळत नाही." स्क्रीनवर दिसतात त्या तक्रारी. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमधले बग शोधतेय. नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते, की एरर दिसते तिथे चूक असतेच असं नाही. आणि माझ्याच गाडीत मी स्क्रीन बघत बसले होते. नळी साफ करायला दहा मिनिटं लागली. पेटी आणि वायरिंगला १ लाख ३५ हजार. त्यातही जुन्या बाजारातली पेटी आणून बसवता येत नाही असं कळलं. पुष्कळ गाड्यांत नवी पेटी कंपनीच्या सर्व्हरवरून त्या गाडीशी जोडून घ्यावी लागते. तुमच्याकडे सनरूफची गाडी असेल तर, नवी असो की जुनी, मे अखेरीला त्या नळ्या साफ करून घ्या. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी माझं आजचं बोलणं वसूल झालं.

त्याच स्कॅनरनं आणखी एक गोष्ट दाखवली. गाडी घेताना मीटरवर ८४ हजार किलोमीटर होते. बिघाडांच्या जुन्या नोंदी मित्र वाचत होता. प्रत्येक नोंदीपुढे तो बिघाड किती किलोमीटरला झाला ते लिहिलेलं असतं. एका नोंदीपुढे होतं, १ लाख ३१ हजार. तेव्हा माझ्या मीटरवर अजून एक लाखही झाले नव्हते. मीटर मागे करणाऱ्यानं आकडा एका जागी बदलला आणि नोंदवहीतला विसरला. विकणाऱ्यानं अर्थातच फोन उचलला नाही. गाडी घेण्याआधी त्या कंपनीची गाडी जाणणाऱ्या माणसाकडून पूर्ण स्कॅन करून घ्यायला मला तीन-चार हजार लागले असते.

बाकीचे खर्च पटकन सांगते. वीस इंची चाकांचे टायर, कडा बुटक्या. आपल्या जालना रोडच्या एका खड्ड्यात दोन गेले, म्हणून चारही बदलले. कूलंटच्या प्लॅस्टिकच्या नळ्या कडक होऊन तडकतात. तापमानाचा काटा हलला की घर गाठायचा मोह टाळून तिथेच थांबा, नाहीतर इंजिनचं हेड वाकतं. आणि विमा. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन बहुधा मिळत नाही. मग क्लेम केला की रबर-प्लॅस्टिकच्या पार्टचे निम्मेच पैसे मिळतात, आणि गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली की धातूच्या पार्टचेही निम्मेच. पावसाच्या पाण्यात गाडी घालून इंजिनात पाणी गेलं, तर वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसेल तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

आता हिशेब. आपले गणिताचे सर पहिल्या रांगेत बसलेत, त्यामुळे बेरीज दोनदा तपासली आहे.

खरेदी १७ लाख.
एमएच-२० पासिंग, टॅक्स आणि एजंट १ लाख ६० हजार.
तीन वर्षांचा विमा १ लाख ६५ हजार.
टायर १ लाख ४ हजार.
एअर सस्पेन्शन ३ लाख ४० हजार.
टायमिंग चेन ३ लाख ८० हजार.
डीपीएफची सफाई आणि त्याच्या आजूबाजूचं ६२ हजार.
पाण्यानं झालेलं नुकसान १ लाख ३५ हजार.
नेहमीच्या सर्व्हिस, ब्रेक आणि गिअरबॉक्स ऑइल २ लाख ४५ हजार.
बॅटरी २८ हजार.
दोनदा टोइंग २४ हजार.

खरेदी सोडून बेरीज १६ लाख ४३ हजार. म्हणजे तीन वर्षांत मी तीच गाडी जवळजवळ दुसऱ्यांदा विकत घेतली. २०२४ मध्ये ती साडेसहा लाखांना विकली. निव्वळ गेले २६ लाख ९३ हजार. गाडी चालली ३१ हजार किलोमीटर. किलोमीटरला ८७ रुपये, आणि डिझेलचे दहा वेगळे. बाबांना जी चढायला सोपी वाटली ती रिक्षा रोज दारात उभी केली असती, तरी पैसे उरले असते.

आणखी एक आकडा बघा. विमा आणि पासिंग सोडून फक्त गाडीवर झालेला खर्च वर्षाला सुमारे ४ लाख ४० हजार येतो. १७ लाखांच्या मानानं तो भयंकर वाटतो. पण ७० लाखांच्या मानानं? सहा टक्क्यांच्या थोडा वर. पहिल्या मालकाला तो जड गेला नसता. मित्राचं वाक्य मला तीन वर्षांनी टक्केवारीत कळलं.

मग अशी गाडी घ्यावीच नाही का? मी तसं म्हणत नाही. गाडी म्हणून ती अप्रतिम होती. घाटात, पावसात, रात्री तिच्यासारखा विश्वास मला कुठल्याच गाडीनं दिला नाही. चालू असायची तेव्हा. ज्यांना घ्यायची असेल त्यांनी एवढं करा. शक्यतो इथलीच, एक-दोन मालकांची, सगळ्या सर्व्हिसचे कागद असलेली गाडी बघा. रात्रभर उभी करून सकाळी थंड इंजिन ऐका. पूर्ण स्कॅन करा, गालिचे उचला. किमतीच्या निम्मी रक्कम वेगळी ठेवा, आणि ती कर्जाची नको. आरसीची पंधरा वर्षं कधी संपतात ते बघा. २०२२ मध्ये मोटारीच्या नूतनीकरणाची फीच ५ हजार झाली, फिटनेस तपासणी वेगळी. कर्जाचा बोजा उतरलाय का, चलनं थकली आहेत का, तेही बघा. आणि घरात दुसरी एक साधी, रोज चालणारी गाडी ठेवा. ही गाडी घरातली एकुलती एक गाडी नसावी. ज्या दिवशी तिची खरी गरज होती त्याच दिवशी ती बसली होती, हे मी सांगितलंच.

विकतानाची गोष्ट राहिली. एजंट ९ लाख द्यायला तयार होता, अट एकच, कागद दाखवायचे नाहीत, मीटरवर आहे तेच सांगायचं. पुढचा मालक मला दिसत होता. माझ्यासारखाच कुणीतरी, आई-वडिलांना बसवायला गाडी शोधणारा. तेव्हाही मी याच मित्राला विचारलं. तो म्हणाला, "फाईल दे सगळी. खरं किलोमीटर सांग. नाहीतर तुझ्यात आणि दिल्लीवाल्यात फरक काय?" साडेसहा लाखांना जी गाडी गेली ती एका गॅरेजवाल्याकडेच गेली, सगळं माहीत असताना. अडीच लाख गेले. मला झोप मात्र लागली. ते पैसे आले असते तर मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीला आले असते, हेही खरं आहे. तिला मी हे सांगितलंय.

आणि आता ते राहिलेलं वाक्य.

२०२१ मध्ये त्यानं मला "घेऊ नकोस" म्हटलं, तेव्हा मी फोनवर म्हणाले होते, "अरे, इंजिनिअर तू आहेस की मी?"

तो काही बोलला नाही. "बरं, बघ," म्हणाला आणि फोन ठेवला. पुढे तीन वर्षं ती गाडी त्यानंच सांभाळली. एकदाही ते वाक्य मला परत ऐकवलं नाही. आजच्या कार्यक्रमाला यायला मात्र तो तयार नव्हता. "तिथे सगळे डॉक्टर-इंजिनिअर, मी येऊन काय करू," म्हणत होता. मला माहीत आहे, हे त्याच्या डोक्यात घालणाऱ्यांत माझं ते वाक्यही होतं. शाळेत आपण एका बाकावर बसायचो. कार्यानुभवाच्या तासाला माझा दिवा त्यानंच पेटवून दिला होता, माझी जोडणी उलटी होती. मार्कं मात्र मला जास्त मिळाली, कारण माझी वही नीट होती.

तर मित्रा, मागच्या रांगेत बसलायस, मला दिसतोयस. सगळ्यांसमोर म्हणते: चुकले. इंजिनिअर तू होतास.

बाबा आता काठीशिवाय चालतात. आमच्याकडे आता एक छोटी नवी गाडी आहे, सीट जरा उंच आहे तिची. सर्व्हिसला गेली की बाबा सोबत जातात आणि मिस्त्रीला प्रश्न विचारून हैराण करतात. बातमीचं ते कात्रण अजून त्यांच्या कपाटात आहे.

ग्रुपवरच्या चौघांनी माझी एक्सेल शीट घेऊन जा. फुकट आहे. आणि गाडी घेण्याआधी मागच्या रांगेतल्या माणसाला विचारा. ते मात्र फुकट नाही, त्याची फी द्या.

जेवण तयार आहे असा इशारा आलाय. नमस्कार.